प्रकरण चौदावं : व्हेरॉनिकावरचा खटला

थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता युजीन तुस्कानोने स्वतःच्या बायकोवर खटला भरला, आणि बारा वाजायच्या आत टर्की तिच्या ताब्यात गेली.

असं काही होईल याची त्याला कल्पना नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांत त्याने पुष्कळ गोष्टी शिस्तीत पार पाडल्या होत्या. वसई सोडून कॅनडातल्या केंब्रिजला येणं, गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं दारं बसवणं, दोन मुलांना शिकवणं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये एक मराठी मिस्सा, म्हणजे मराठीतून उपासना, मिळवणं. त्या मिस्सेसाठी त्याने अकरा वर्षं बिशपांना पत्रं लिहिली, चारशे बारा सह्या गोळा केल्या. त्यातल्या काही सह्या शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या होत्या, पण देव समजून घेतो.

आता तीच मिस्सा हातची जायची वेळ आली होती, आणि ती व्हेरॉनिकामुळे.

व्हेरॉनिकाने दोन वर्षांपूर्वी दर गुरुवारी संध्याकाळी बेसमेंटमध्ये जपमाळ सुरू केली तेव्हा चार बायका यायच्या. जपमाळेनंतर चहा आला. चहाबरोबर फुगे आले, कारण मैद्याचे गोल, गरमागरम फुगे तळावेत तर व्हेरॉनिकानेच, हे अख्ख्या वॉटर्लू रीजनला ठाऊक होतं. आणि फुग्यांबरोबर मागच्या मराठी मिस्सेचं प्रवचन आलं. फादर काय बोलले, ते बरोबर होतं का, आणि त्यांनी खरं म्हणजे काय बोलायला हवं होतं. बघता बघता बत्तीस बायका झाल्या. निम्म्या तर कॉलेजात शिकायला आलेल्या पोरी, दोन-दोन बस बदलून येणाऱ्या. मग ईस्टरनंतर व्हेरॉनिकाने एक पांढरा फळा आणला आणि प्रवचनाला दहापैकी मार्क द्यायला सुरुवात केली.

गेल्या आठवड्यात फादर एलायस घरी येऊन गेले. चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

“युजीनभाऊ, माझ्या प्रवचनाला तुमच्या घरात साडेचार मार्क मिळाले असं कानावर आलं.”

“कितीपैकी, फादर?” युजीनने आशेने विचारलं. त्याला वाटलं, पाचपैकी असतील.

“दहापैकी.”

फादरांनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं. एक तर ती गुरुवारची समांतर धर्मसभा बंद व्हायला हवी, नाही तर ते स्वतः बिशपांना सांगून या जबाबदारीतून मोकळे होणार. त्यांच्याशिवाय मराठी बोलणारा दुसरा फादर आसपास नव्हता. म्हणजे मिस्सा गेलीच.

“थँक्सगिव्हिंगला जेवायला या, फादर,” युजीन म्हणाला. “तोवर मी निकाल लावतो.”

निकाल हा शब्द त्याच्या तोंडात उगाच आला नव्हता. रिटायर झाल्यावर माणूस घरात मावत नाही. म्हणून सप्टेंबरपासून तो दर मंगळवारी लायब्ररीत ज्येष्ठांच्या फुकट वर्गाला जात होता. कॅनडाच्या इतिहासाचा वर्ग भरलेला होता. उरले होते दोन : खुर्चीवर बसून करायची योगासनं आणि अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचा इतिहास. युजीनने वसाहती घेतल्या आणि तो पार वेडा झाला. भाजी आणायला निघालं तरी गाडीत इंग्रजांना अमेरिकेला नेणारी सोळाशे वीस सालची ती बोट सुरू व्हायची. “एक्केचाळीस पुरुष, व्हेरॉनिका! जमिनीवर पाय ठेवायच्या आधी बोटीतच सह्या केल्या की आपण कायद्याने राहू!” मग मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटन, धर्माच्या बाबतीत कडक शिस्तीचे लोक. पन्नास घरांची वस्ती झाली की कायद्याने मास्तर नेमायचा, का? तर लोकांना बायबल वाचता यावं आणि सैतानाचा डाव फसावा. रविवारी चर्चला दांडी मारली की दंड. आणि या सगळ्यांवर गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप! डोंगरावरच्या नगरासारखं आपण राहू, सगळं जग आपल्याकडे बघतंय, असं लोकांना सांगणारा माणूस. तुस्कानोंचं घरही केंब्रिजच्या एका चढावरच होतं. जग नाही, पण समोरची पोर्तुगीज म्हातारी त्यांच्याकडे सतत बघत असायची.

“असा एक माणूस आपल्या समाजात असता ना,” युजीन हळहळायचा.

“तुम्ही आहात की,” व्हेरॉनिका म्हणायची. ती हे कौतुकाने म्हणते असं त्याला वाटायचं.

तर त्या सोमवारी अकराला युजीन ब्लेझर घालून डायनिंग टेबलच्या टोकाशी बसला. समोर लायब्ररीतून मिळालेल्या कागदांची जाडजूड फाइल. उजवीकडे मुलगा प्रेस्टन. केंब्रिज शहर तीन गावं मिळून झालेलं. त्यातल्या प्रेस्टन नावाच्या भागात पहिली भाड्याची खोली मिळाली म्हणून त्याचं नाव ते. प्रेस्टन आता टोरांटोजवळच्या वॉनमध्ये एका वेअरहाउसचा मॅनेजर होता आणि तिथेच राहायचा. त्याच्या बाजूला त्याची बायको यामिनी, मूळची नाशिकची, टोरांटोत शिकायला आली आणि पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या खालोखाल कोर्टाची कामं करणारी, झाली. डावीकडे मुलगी ग्लेन्डा. ती मॉन्ट्रियलला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. आदल्या दिवशीच ट्रेनने आली होती आणि अजून फ्रेंचमध्ये उसासे टाकत होती.

युजीनने मनातल्या मनात मतं मोजून ठेवली होती. प्रेस्टन आपला, कारण बेसमेंटमधलं त्याचं लहानपणचं टेबल-हॉकी व्हेरॉनिकाने फुगे ठेवायला घेतलं होतं. यामिनी नवऱ्याबरोबर जाईल. ग्लेन्डा तर वीस वर्षं चर्चची पायरी चढली नव्हती, ती कशाला आईच्या प्रार्थनासभेची बाजू घेईल? चार विरुद्ध शून्य.

व्हेरॉनिका ॲप्रनला हात पुसत वर आली. तिच्यासाठी स्टूल ठेवलं होतं.

“मी इथे बसू?”

“आरोपीने तिथे बसायचं,” युजीन म्हणाला.

“लवकर आटपा. टर्कीला दर वीस मिनिटांनी रस्सा घालावा लागतो.”

“ओ मों दियू,” ग्लेन्डा म्हणाली. “पप्पा, तुम्ही खरंच ममावर खटला चालवताय?”

“कुटुंबाची सभा आहे ही. फक्त पद्धत तशी आहे.” युजीनने चष्मा लावला. “आरोप पहिला. आरोपीने आपल्या राहत्या घरात बत्तीस बायकांची सभा भरवून धर्मग्रामाच्या अधिकृत धर्मगुरूच्या प्रवचनाची चिकित्सा केली. आरोप दुसरा. आरोपीने त्या प्रवचनाला साडेचार मार्क दिले.”

“चार देणार होते,” व्हेरॉनिका म्हणाली. “पोरी म्हणाल्या, अर्धा घाला, बिचारे पावसात आले होते.”

“आरोपीने गुन्हा कबूल केला!”

“पप्पा, एक मिनिट.” यामिनी पुढे सरकली. “यात फिर्यादी कोण?”

“मी.”

“आणि जज?”

“मीच.”

“असं चालत नाही.”

“मॅसॅच्युसेट्समध्ये चालायचं,” युजीन ठणकावून म्हणाला.

“बरं. मग मम्मींचा वकील कोण?”

“आरोपीला वकील नाही.”

“आहे,” यामिनी म्हणाली आणि खुर्ची उचलून व्हेरॉनिकाच्या स्टुलाशेजारी जाऊन बसली. “मी आहे. आणि बत्तीस बायकांमध्ये मीही एक आहे, हे रेकॉर्डवर घ्या.”

मग प्रेस्टनचं तोंड उघडलं.

“गुरुवारी? गुरुवारी तर तुझा झुंबा असतो.”

“झुंबा नव्हता.”

“दोन वर्षं?”

“दीड. वॉनहून तासभर ड्राइव्ह करून येते. तू विचारलंस का कधी, झुंबाला एवढा वेळ कसा लागतो?”

“तरीच मी म्हणतो,” प्रेस्टन विचारात पडून म्हणाला, “झुंबा करून तुझं वजन कसं काय वाढतंय!”

हे वाक्य तोंडातून निघालं आणि प्रेस्टनचं त्या घरातलं वजन मात्र झपाट्याने कमी झालं. यामिनीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ग्लेन्डाने पाहिलं, आणि ते पाहणं जास्त वाईट होतं. तिनेही खुर्ची सरकवली, अर्धी आईकडे.

“पण तू हिंदू ना?” युजीनला राहवलं नाही. “तू प्रवचनावर काय बोलतेस?”

“मी मराठीवर बोलते. मम्मींनी मला व्याकरण दिलंय.”

युजीनला हे कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर तो नेहमी करायचा तेच त्याने केलं. आवाज चढवला. “विषय तो नाही! विषय मराठी मिस्सेचा आहे. फादर गेले तर मिस्सा गेली. अकरा वर्षं मी...”

“चारशे बारा सह्या,” सगळे एका सुरात म्हणाले.

“म्हणून ही सभा बंद झाली पाहिजे.”

“का पण?” व्हेरॉनिकाने शांतपणे विचारलं. “मी नक्की काय वाईट केलं तेवढं सांगा.”

“का ते कोर्टाला ठाऊक आहे. आणि कोर्टाचं समाधान झालेलं आहे.”

यामिनी त्याच्या फाइलमधले कागद ओढून चाळत होती. तिची ती सवयच होती, समोरच्याचे कागद आधी वाचायचे. एका पानाशी ती थांबली. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“पप्पा, चौथ्या आठवड्याचा हा कागद तुम्ही वाचलात?”

“त्या मंगळवारी माझी दाढ काढली. कागद नंतर दिला त्यांनी. का?”

“वाचू?” आणि तिने कोर्टात वाचावं तसं स्पष्ट आवाजात, इंग्रजी कागद मराठीत सांगायला सुरुवात केली. “सोळाशे सदतीस. बोस्टनजवळ. ॲन हचिन्सन नावाची बाई, सुईण, पुष्कळ मुलांची आई. तिने आपल्या घरी बायकांची सभा सुरू केली. रविवारी चर्चमध्ये झालेल्या प्रवचनावर त्या बोलायच्या. आधी थोड्या बायका यायच्या, मग साठ-साठ माणसं जमायला लागली. काही धर्मगुरू बरोबर शिकवत नाहीत असं ती म्हणते, म्हणून धर्मगुरू चिडले.”

“किती साल म्हणालीस?” ग्लेन्डाने विचारलं.

“सोळाशे सदतीस. मग तिच्यावर खटला झाला. तिच्या घरासमोरच राहणारा माणूस फिर्यादी होता, आणि तोच जज होता. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप.” यामिनीने पान उलटलं. “तिने विचारलं, मला कशासाठी हद्दपार करता? तर तो म्हणाला, का ते कोर्टाला ठाऊक आहे, आणि कोर्टाचं समाधान झालेलं आहे.”

युजीनने चष्मा काढला. त्याने ते वाक्य कुठे वाचलेलं नव्हतं, जन्मात ऐकलेलं नव्हतं. ते आपसूकच आलं होतं, आतून.

“व्वाला, घ्या,” ग्लेन्डा म्हणाली.

“त्या बाईने खायला काय ठेवलं होतं?” व्हेरॉनिकाने विचारलं.

“ते लिहिलेलं नाही, मम्मी.”

“तरीच हरली.” व्हेरॉनिका उठली. “मग? पुढे तिचं काय झालं?”

“हद्दपार. ती ऱ्होड आयलंडला निघून गेली. तिथे रॉजर विल्यम्स म्हणून एक होता, त्यालाही आधी असंच हाकललेलं. त्यांनी तिकडे वेगळी वसाहत केली, जिथे ज्याला जे मानायचं ते मानता येतं.”

“बरं. मग मीही जाते.”

“कुठे?” युजीन गडबडला. व्हेरॉनिकाची बहीण ब्रॅम्प्टनला होती. पाठीमागे बॅग दिसते का ते त्याने पाहिलं.

“खाली,” व्हेरॉनिका म्हणाली. आणि ती बेसमेंटचा जिना उतरून गेली. खालचं दार लागलं. कडीचा आवाज झाला.

“जाऊ दे,” युजीन म्हणाला. “येईल वर. जाणार कुठे?”

पण तिने वर कशाला यावं? वरचा ओव्हन सप्टेंबरात बिघडलेला, पार्ट यायचा होता. टर्की खालच्या ओव्हनमध्ये होती, भुजिंगच्या, म्हणजे वसईकडच्या भाजलेल्या कोंबडीच्या मसाल्यात मुरवलेली आणि पोटात पोहे भरलेली, कारण वसईच्या माणसाला नुसती टर्की जात नाही. खालीच डुकराच्या मटणाच्या आंबट-तिखट इंद्यालाचं पातेलं होतं, फुग्यांचं पीठ होतं, दुसरा फ्रिज होता, वॉशरूम होती, टीव्ही होता. वर होती चार माणसं, भोपळ्याचा एक पम्पकिन-पाय नावाचा गोड पदार्थ आणि मॅसॅच्युसेट्सचे कायदे.

दहा मिनिटांनी मसाल्याचा वास जिन्याने वर आला.

यामिनी पहिली गेली. “अशिलाला भेटायचा मला हक्क आहे,” म्हणाली, दारावर टकटक केली, “मी” म्हणाली, दार उघडलं आणि बंद झालं. मग ग्लेन्डा उठली. “मी वाटाघाटीला जाते, पप्पा. न्यूट्रल म्हणून.” पाच मिनिटांनी खालून तिचं हसणं ऐकू आलं, तोंडात घास असल्यासारखं. ती काही वाटाघाटी घेऊन परतली नाही.

प्रेस्टन बराच वेळ टिकला. निदान सात मिनिटं.

“पप्पा, मी तुमच्याच बाजूचा आहे,” तो शेवटी म्हणाला. “फक्त मी तुमच्या बाजूने तिथून राहतो.” आणि गेला. खाली त्याला यामिनीची माफी मागावी लागली असणार, कारण दार बराच वेळ उघडलं नाही आणि “आय सेड सॉरी!” असं तीनदा ऐकू आलं.

बरोबर साडेबाराला फादर एलायस डोनटांचा खोका घेऊन दारात उभे राहिले. चाळिशीचे, उंच, खांदे कायम किंचित पडलेले. ते आत आले, त्यांनी वास घेतला, टेबलाकडे पाहिलं. टेबलावर ताटं नव्हती, फाइल होती.

“बाकीचे?”

“ऱ्होड आयलंडला गेले,” युजीन म्हणाला, आणि मग त्याला सगळं सांगावंच लागलं. सांगता सांगता त्याची मान खाली गेली. फादर ऐकत होते आणि हाताला चाळा म्हणून फाइलमधले कागद उलटत होते. एका कागदावर त्यांचं बोट थांबलं.

“हे सोळाशे सत्तेचाळीस सालचं काय आहे, युजीनभाऊ? पोपने नेमलेला कुठलाही धर्मगुरू मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत सापडला तर...” त्यांनी वर पाहिलं. “हे तुमचे आवडते लोक मला फाशी देणार होते?”

“पहिल्यांदा नुसतं हद्दपार, फादर,” युजीन घाईघाईने म्हणाला. “फाशी तुम्ही परत आलात तर.”

“हं.” फादरांनी पुढचा कागद घेतला. “आणि सोळाशे एकोणसाठ. नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड.”

“नाताळ?” युजीनने कागद हिसकावून घेतला. पाचव्या आठवड्याचा होता, अजून वर्गात झालेला नव्हता. होतं खरं तसं. आयुष्यभर चोवीस डिसेंबरला अंगणात स्वतःच्या हाताने तारा टांगणारा युजीन तुस्कानो खुर्चीत मागे टेकला. एवढा आपला माणूस विन्थ्रॉप! वारला होता तोवर, पण लोक तर त्याचेच. आपण कॅथलिक त्याच्या गावात गेलो असतो तर आपल्याला दारातही उभं केलं नसतं.

“कॅथलिकांसाठी मेरीलँडची वसाहत होती,” तो पुटपुटला. “तिथे तरी कायदा केला होता की ख्रिस्ती माणसाला धर्मावरून छळायचं नाही.”

“नुसता ख्रिस्ती माणूस? मग तुमच्या सुनेचं काय?”

खाली कोणी तरी झाकण उघडलं असावं, कारण वासाची एक नवी लाट आली. फादर एलायसांनी डोळे मिटले.

“मी सकाळपासून काही खाल्लं नाही,” ते म्हणाले. मग डोळे न उघडताच म्हणाले, “साडेचार खरे तर जास्तच दिले त्यांनी.”

“म्हणजे?”

“मी ठाण्यात वाढलो, युजीनभाऊ, पण शाळा इंग्रजी, सेमिनरी इंग्रजी. बोलायला येतं मराठी. प्रवचन लिहायला येत नाही. मी इंग्रजीत लिहितो आणि फोनला देतो. फोन मराठी करून देतो, ते मी वाचतो.” त्यांचे कान लाल झाले होते. “मला वाटलं, लोकांना कळत नसेल. लोक काही बोलायचे नाहीत. मिस्सा संपली की नुसते छान म्हणायचे आणि निघून जायचे. तुम्हीसुद्धा.”

युजीन खरंच दर वेळी छान म्हणायचा. खरं तर तो ऐकायचाच नाही. तो माणसं मोजायचा.

दोघं जिना उतरले. फादरांनी दार वाजवलं.

“कोण?” आतून व्हेरॉनिका.

“फादर एलायस.”

“भांडायला आलात की जेवायला?”

“जेवायला,” फादर म्हणाले, आणि दार उघडलं. ते आत गेले. युजीन त्यांच्या मागे होता, पण त्याचा पाय शेवटच्या पायरीवर अडला. व्हेरॉनिकाने त्याच्याकडे पाहिलं, आणखी थोडं पाहिलं, आणि दार लोटलं. कडी मात्र लावली नाही. ते त्याच्या लक्षात आलं, पण मानापमान आडवा आला.

तो पायरीवर बसला. फटीतून सगळं ऐकू येत होतं.

“फादर, फुगा घ्या आधी,” व्हेरॉनिका म्हणत होती. “आणि आता ऐका. साडेचार का दिले ते. तुम्ही म्हणालात, फादर वेदीवर यजमानाला वर उचलतात आणि मग यजमानाचे दोन तुकडे करतात.”

आत कोणाला तरी ठसका लागला. बहुतेक प्रेस्टनला.

“होस्ट!” फादर कळवळले. “पवित्र भाकर! मी होस्ट लिहिलं होतं!”

“आणि मग सगळ्यांनी यजमानाला जिभेवर घ्यावं.”

“अरे देवा.”

“उपवासकाळातही तुम्ही म्हणाला होतात,” यामिनी सांगत होती, “की हे चाळीस दिवस देवाने आपल्याला उसने दिले. आम्ही तासभर शोधत होतो, उसने कुठून आलं? मग कॉलेजातल्या शिवांगीला सुचलं. तिने फोनवर उपवासकाळाचा इंग्रजी शब्द लेंट टाकून बघितला, तर फोनने त्याचं ‘उसने दिले’ केलं.”

आत फादरांची खुर्ची सरकली. युजीनला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार, आणि त्याच्याबरोबर मिस्सा. मग जो आवाज आला तो हसण्याचा होता. आधी नाकातून, मग पोटातून. मग सगळेच हसायला लागले. ग्लेन्डा फ्रेंचमध्ये हसत होती.

“पण तुम्ही मला का नाही सांगितलंत, व्हेरॉनिकाताई?” फादरांनी विचारलं तेव्हा हसणं विरलं होतं.

“तुम्ही कधी थांबता? मिस्सा झाली की गाडीत बसून पळता. त्या लुर्डीनबाईच्या अंत्यविधीला तुम्ही कागद विसरला होतात, आठवतं? नुसते बोललात. तुमची आई तुम्हाला कशी ओरडायची ते सांगितलंत. अख्खं चर्च रडत होतं. त्याला आम्ही नऊ दिले. ते नाही कोणी तुमच्या कानावर घातलं?”

“नाही,” फादर म्हणाले.

“मग बुधवारी प्रवचन मला पाठवत जा. मी आणि यामिनी सरळ करून देऊ. फोनला देऊ नका.”

“आणि मार्क?”

“मार्क बंद करते.” व्हेरॉनिका जरा थांबली. “शेरा मात्र लिहीन.”

“लिहा,” फादर म्हणाले. “थोडं इंद्याल आहे का अजून?”

बाहेर पायरीवर युजीनने फाइलमधलं चौथ्या आठवड्याचं पान पुन्हा काढलं. रॉजर विल्यम्सने काय म्हटलं होतं ते खाली चौकटीत दिलं होतं. माणसाच्या मनात देव कसा असावा हे सरकारने ठरवायचं नाही, अशा अर्थाचं काही तरी. युजीनला इंग्रजी जुनं वाटलं, पण एवढं कळलं की मिस्सा वाचली होती, आणि ती त्याने वाचवलेली नव्हती. त्याचा ब्लेझर गरम होत होता. त्याने तो काढून कठड्यावर टाकला आणि दार वाजवलं.

“कोण?”

“मी.” त्याने घसा साफ केला. “खटला मागे घेतलाय.”

“कोणी?”

“कोर्टाने.”

“आणि तुम्ही?”

युजीनने दाराची मूठ धरली.

“मीही,” युजीन म्हणाला. “चुकलं माझं, व्हेरॉनिका.”

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. हे वाक्य प्रेस्टन आणि ग्लेन्डा दोघांनी पहिल्यांदाच ऐकलं. दार उघडलं. व्हेरॉनिकाने त्याच्या हातातून फाइल काढून घेतली, टेबल-हॉकीवर ठेवली आणि टर्कीची एक तंगडी त्याच्या ताटात वाढली. त्यातले पोहे तिखट होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पोह्यांमुळे आलं असं त्याने सगळ्यांना दोनदा सांगितलं.

साडेचार वाजेपर्यंत सगळे पांगले. फादर डबा घेऊन गेले. ग्लेन्डाला स्टेशनवर सोडायला प्रेस्टन आणि यामिनी गेले. यामिनी गाडी चालवत होती आणि प्रेस्टनला मागे बसवलं होतं. खिडकीबाहेर मेपलची पानं लाल होऊन अंगणभर पडली होती. व्हेरॉनिका खालच्या सिंकमध्ये भांडी धूत होती, युजीन पुसत होता.

“तू हे सुरू का केलंस?” त्याने विचारलं. “खरं सांग. जपमाळ तर चर्चमध्येही होते.”

तिने पातेलं घासायचं थांबवलं नाही. “आपण आलो तो पहिला हिवाळा आठवतो? तुम्ही दुपारी कामावर जायचात ते मध्यरात्री यायचात आणि झोपायचात. चार महिने माझ्याशी कोणी मराठी बोललं नाही. मी एकदा बटाट्यांशी बोलले.”

“बटाट्यांशी?”

“काय करणार? सोलता सोलता. तेव्हाच ठरवलं होतं, आपलं घर झालं की बायकांना बोलावू. मग मुलं झाली, राहून गेलं. आता त्या पोरी येतात ना कॉलेजच्या, त्यांचं तोंड बघूनच कळतं मला, कोण बटाट्यांपर्यंत पोचलीय.”

युजीनने पातेलं तिच्या हातातून घेतलं. एकतीस वर्षांत त्याने गाड्यांना किती दारं बसवली याचा आकडा त्याला तोंडपाठ होता. हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

“पण दोन तास?” थोड्या वेळाने तो म्हणाला. “प्रवचनावर दोन तास बोलता?”

“छे. प्रवचन अर्ध्या तासात संपतं. मग प्रत्येकीने आठवडाभराचं एक सांगायचं. कोणाचा बॉस, कोणाचं इथे कायम राहायचं पीआर, कोणाची सासू. मनात असेल ते.”

“आणि तू? तू काय सांगतेस?”

“मी?” व्हेरॉनिकाने नळ बंद केला. “मी तुमचं सांगते.”

“माझं? माझं काय?”

“ते नाही सांगता यायचं. आमच्यात कायदा आहे, इथलं वर न्यायचं नाही.”

“कोणी केला हा कायदा?”

“बत्तीस जणींनी. हात वर करून.” तिने धुतलेलं ताट त्याच्या हातात दिलं आणि पुढचं घेतलं.

युजीनने ताट पुसलं. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर या बत्तीस बायका आपल्याला हसून गुड मॉर्निंग म्हणणार, आणि आपल्याला परत हसावं लागणार, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं. त्याने तेच ताट आणखी एकदा पुसलं.

“चांगलं सांगतेस ना पण?” त्याने विचारलं.

व्हेरॉनिका ओठ मिटून हसली आणि दुसरं ताट त्याच्या पुढे धरलं.